मार थांबतो, भीती थांबत नाही

छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) जालना रस्त्याने निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर करमाड लागते. एकीकडे कापूस-मक्याची शेते आणि दुसरीकडे कारखान्यांच्या पाळ्या गाठण्यासाठी धावणाऱ्या दुचाकी, अशा दोन जगांच्या सीमेवरचे हे गाव. गेल्या दोन-अडीच दशकांत या पट्ट्यातील जगणे पुष्कळ बदलले. मात्र येथे किंवा मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावात चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसमोर शाळेचा विषय काढला, तर गप्पा हमखास एका ठरावीक वळणावर येतात. कोणत्या गुरुजींची छडी कशी बसत असे, अंगठे धरून किती वेळ उभे राहावे लागे, घरी सांगितले तर वडिलांकडून निरगुडीच्या फोकाचे आणखी फटके कसे मिळत, हे सारे हसत हसत सांगितले जाते. शेवटी एक वाक्य येते : ‘आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडले आमचे?’

हे वाक्य केवळ गावाकडे ऐकू येते असे नाही. पुण्या-मुंबईच्या सदनिकांमध्ये, उच्चशिक्षित पालकांच्या तोंडीही ते असतेच. आपल्या मुलावर हात उगारताना मनाला लागणारी टोचणी त्याने बोथट होते. मात्र गेल्या साठ वर्षांत वैद्यक आणि मानसशास्त्र यांनी या प्रश्नाचा जो शोध घेतला, त्याचे उत्तर एवढे दिलासा देणारे नाही. मार विसरला जातो, त्याचे वळही मिटतात. पण त्या काळात शरीराला आणि मनाला लागलेली भीतीची सवय अनेकांच्या बाबतीत पुढे कित्येक वर्षे टिकते. अडचण अशी की, ज्याच्या बाबतीत ती टिकते त्याला स्वतःलाच तिचे मूळ ठाऊक नसते. कारण ज्याला आज आपण शारीरिक छळ म्हणू, त्याला त्याने आयुष्यभर ‘शिस्त’ असेच नाव दिलेले असते.

तीनपैकी दोन मुले

हा प्रश्न मूठभर क्रूर घरांपुरता मर्यादित आहे, असा आपला समज असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय अभ्यासाने तो खोटा ठरवला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२ हजार ४४७ मुलांशी बोलून हा अभ्यास झाला होता. त्यातील तीनपैकी दोन मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारची मारहाण सोसली होती. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे हात आई-वडिलांचेच होते. शाळेत शिक्षा भोगलेल्या मुलांचे प्रमाणही सुमारे ६५ टक्के होते. मार खाणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा काहीशी अधिक होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘मुलगा आहे, दोन रट्टे दिले तर काय झाले’ ही समजूत त्यामागे असावी.

यात एक भेद करणे आवश्यक आहे. एखाद्या वेळी बसलेला धपाटा आणि वर्षानुवर्षे पट्ट्याने, दाव्याने किंवा हाताला लागेल त्या वस्तूने होणारी मारहाण या दोन गोष्टी सारख्या नाहीत. मार किती तीव्र होता, किती वेळा होता, कोणत्या वयात होता आणि मुख्य म्हणजे तो केव्हा बसेल याचा अंदाज मुलाला येत होता की नाही, यांवर परिणाम अवलंबून असतो. वडील दारावर आले की त्यांच्या चपलांच्या आवाजावरून आजचा रंग ओळखणारे मूल आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. त्या मुलाचे खरे दुखणे मारात जितके असते, तितकेच मार बसेल की नाही या रोजच्या टांगत्या भीतीत असते.

शरीराची धोक्याची घंटा

असे का होते, हे समजण्यासाठी शरीराकडे वळावे लागेल. संकट समोर आले की मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा बदामाच्या आकाराचा छोटा भाग धोक्याची घंटा वाजवतो. त्याबरोबर छाती धडधडू लागते, स्नायू ताठ होतात, रक्तात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके मिसळतात. संकट टळले की मेंदूचेच दुसरे भाग ही घंटा बंद करतात आणि शरीर पूर्ववत होते. रानात साप दिसला तर ही यंत्रणा प्राण वाचवते. पण ज्या मुलाच्या बाबतीत साप घरातच असतो आणि रोज संध्याकाळी येतो, त्याची घंटा पुरती बंद होण्याची संधीच मिळत नाही. वाढत्या वयातील मेंदू मिळेल त्या परिस्थितीला अनुरूप घडतो. धोक्याच्या घरात वाढणारा मेंदू धोका ओळखण्यात तरबेज होतो आणि निवांत राहण्यात कच्चा राहतो.

याचे काही प्रत्यक्ष पुरावेही संशोधकांनी मांडले आहेत. अकेमी तोमोदा आणि मार्टिन टायकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी दीर्घकाळ कठोर शारीरिक शिक्षा भोगलेल्या तरुणांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे तशी शिक्षा न भोगलेल्यांशी ताडून पाहण्यात आली. विचार करणे, आवेग आवरणे यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या पुढच्या काही भागांतील करड्या द्रव्याचे आकारमान पहिल्या गटात कमी आढळले. त्याच वर्षी कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी आत्महत्येने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्यात ताणाच्या संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकावर वेगळ्या रासायनिक खुणा दिसल्या. छळ झाला नव्हता अशांमध्ये त्या तशा नव्हत्या. हे दोन्ही अभ्यास मोजक्या व्यक्तींवरचे आहेत आणि त्यांवरून एखाद्या माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही. तरीही मार केवळ कातडीवर थांबत नाही, एवढे त्यांतून दिसते.

आकडे काय सांगतात?

१९६२ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांची लक्षणे एकत्र मांडली. घरातील मारहाण हा वैद्यकाचा विषय आहे, हे त्यानंतर सर्वत्र मान्य होऊ लागले. पण प्रौढपणाशी असलेला त्याचा धागा ठळक झाला तो १९९८ मध्ये. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे आरोग्य तपासणीसाठी येणाऱ्या हजारो प्रौढांना बालपणातील मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारहाण अशा अनुभवांविषयी विचारले. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असणाऱ्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसणाऱ्यांच्या ४ ते १२ पट आढळला. विशेष म्हणजे हे लोक वंचित वस्त्यांतील नव्हते. बहुतेक जण आरोग्यविमा असलेले मध्यमवर्गीय होते.

केवळ शारीरिक मारहाणीचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्नही झाला आहे. २०१२ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात शंभराहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार लहानपणी मारहाण झालेल्यांत पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे दीडपट, अमली पदार्थांच्या वापराची जवळपास दुप्पट आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची तिपटीहून अधिक होती. दीडपट हा आकडा वाचताना लहान वाटतो. पण ज्या देशात तीनपैकी दोन मुले मार खातात, तेथे तो लाखो माणसांच्या आयुष्यात उतरतो.

प्रौढपणी ते कसे दिसते?

असा माणूस डॉक्टरांकडे ‘लहानपणी मला मारत होते’ ही तक्रार घेऊन कधीच जात नाही. त्याची तक्रार झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोटात सतत गोळा येतो, अशी असते. त्याची बायको सांगते की यांचा राग क्षणात डोक्यात जातो आणि नंतर स्वतःच तासन् तास गप्प बसतात. कारखान्यात साहेबाने जरा आवाज चढवला की त्याचे हातपाय गळतात किंवा उलट तो एकदम अंगावर धावून जातो. कुणी सहज हात वर केला तरी मान आपोआप खाली झुकते. दारू ‘चारचौघांत’ सुरू होते आणि पुढे झोपेचे औषध बनते.

दुसरा चेहरा याहून फसवा आहे. तो अतिशय आज्ञाधारक, कामसू आणि कुणालाही नाही न म्हणणाऱ्या माणसाचा. सासरी ‘किती गुणाची सून’ म्हणून नावाजली जाणारी एखादी स्त्री घरातला प्रत्येक चेहरा सतत वाचत असते, कारण लहानपणी तसे वाचणे हाच वाचण्याचा मार्ग होता. तिला आपले काय हवे-नको ते सांगता येत नाही. चूक झाली की ती स्वतःला जे शब्द सुनावते, ते तिचे नसतात. तिला मारणाऱ्याचे असतात. अशा दीर्घकालीन आघाताच्या परिणामांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले आहे. आघाताच्या आठवणी आणि सततची सावधता यांच्याबरोबरच भावना आवरता न येणे, स्वतःविषयी तीव्र हीनभाव असणे आणि जवळची नाती टिकवता न येणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत.

मराठवाड्याच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. येथे मनाच्या आजाराची चर्चा होते ती बहुधा शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने, आणि ती कर्ज, नापिकी, दुष्काळ यांभोवती फिरते. ते योग्यच आहे. पण सारखेच कर्ज, सारखाच दुष्काळ असताना एक माणूस तग धरतो आणि दुसरा कोलमडतो, तेव्हा त्यामागे अनेक कारणे असतात. ताण सोसण्याची यंत्रणा बालपणातच थकली होती का, हे त्यांपैकी एक असू शकते. हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

‘आपल्या संस्कृतीत चालते’

यावर एक नेहमीचा आक्षेप असा की, हे सारे पाश्चात्त्य समाजाचे निष्कर्ष आहेत. आपल्याकडे मारण्यामागे माया असते, म्हणून ते मुलांना लागत नाही. या आक्षेपाचीही तपासणी झाली आहे. जेनिफर लान्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारत, चीन, केनिया, इटली, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतील माता व मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे मारणे सर्वसामान्य मानले जाते तेथे त्याचा मुलांच्या वागणुकीशी असलेला वाईट संबंध थोडा सौम्य होतो, हे त्यात आढळले. पण तो नाहीसा होत नाही. अशा समाजांतही अधिक मार खाणारी मुले अधिक आक्रमक आणि अधिक चिंताग्रस्त होती. २०१६ मध्ये १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांवरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या एलिझाबेथ गेरशॉफ यांनाही, फटके दिल्याने मूल दीर्घकाळ शहाणे होते याचा पुरावा सापडला नाही.

आपल्याकडे या वादात ‘श्यामची आई’चा दाखला हटकून दिला जातो. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, हे सर्वांना आठवते. त्यानंतर ती त्याला जवळ घेते आणि आपण असे का वागलो ते सांगते, हा प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. साने गुरुजींचे हे पुस्तक १९३५ मधले. त्या काळातील आईलाही मारून झाल्यावर मुलाशी बोलणे आवश्यक वाटले, हे अधिक महत्त्वाचे. बहुतेक घरांत मार असतो, पण नंतरचे ते बोलणे नसते. मुलाच्या मनात मग एकच अर्थ उरतो : मीच वाईट आहे.

शिवाय आपली परंपरा म्हणजे केवळ छडीची परंपरा नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि कोसबाड येथील आदिवासी मुलांमध्ये त्यांनी भय आणि शिक्षा यांना थारा नसलेले शिक्षण उभे केले. ‘मारल्याशिवाय मूल शिकत नाही’ हे मत मराठी मातीतच, तेही शंभर वर्षांपूर्वी, खोडून काढले गेले होते.

हे विधिलिखित नव्हे

येथवर वाचून ज्यांनी लहानपणी मार सोसला आहे त्यांनी खचून जाण्याचे कारण नाही. धोका वाढणे म्हणजे आजार अटळ असणे नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅथी स्पॅट्झ विडम यांनी, न्यायालयात छळ किंवा हेळसांड सिद्ध झालेल्या मुलांचा पुढे अनेक दशके मागोवा घेतला. अशा मुलांत हिंसेचा धोका वाढलेला दिसला; पण त्यांपैकी बहुसंख्य मुले मोठेपणी हिंसक झाली नाहीत, हेही त्यांनी १९८९ मध्येच नोंदवले होते. ‘मार खाल्लेला बाप मुलाला मारणारच’ हे म्हणूनच खरे नाही.

मग कोण सावरते? हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी प्रौढपणापर्यंत अभ्यास केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार यांमुळे ज्यांचे भवितव्य धोक्यात मानले गेले होते, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली : किमान एका मोठ्या माणसाचा भरवशाचा आधार. तो आई-वडिलांचाच असायला हवा असे नव्हते. आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक यांपैकी कुणी ना कुणी त्यांच्यासाठी होते. ‘मारू नका हो लेकराला’ म्हणत मध्ये पडणारी आपल्याकडची आजी किती मोठे काम करत असे, हे यावरून कळावे.

२०२० मध्ये आंद्रेआ दानेसे आणि विडम यांनी मांडलेला निष्कर्षही विचार करायला लावणारा आहे. सुमारे १२०० व्यक्तींच्या या अभ्यासात, छळाची केवळ कागदोपत्री नोंद असण्यापेक्षा, त्या व्यक्तीला तो कसा आठवतो आणि जाणवतो याचा मनोविकारांशी अधिक घट्ट संबंध दिसला. घडून गेलेले बदलता येत नाही. पण त्याची आठवण आणि त्याला दिलेला अर्थ यांवर काम करता येते. मानसोपचार नेमके हेच करतो. बोधनिक वर्तनोपचार आणि आघातावर केंद्रित असलेल्या अन्य उपचारपद्धतींनी अनेकांना लाभ होतो. नैराश्य किंवा चिंता तीव्र असेल तर औषधांचीही मदत होते. भूतकाळ उकरून काढायचा म्हणजे म्हाताऱ्या आई-वडिलांशी भांडण मांडायचे, ही भीतीही अनाठायी आहे. त्यांच्यावर माया असू शकते आणि त्यांनी केले ते चुकीचे होते, हेही खरे असू शकते.

मदत कोठे मिळेल?

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतील एकही मराठवाड्यात नाही. तथापि, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘घाटी’त, मनोविकारशास्त्र विभाग आहे. करमाडसारख्या गावातून तेथे पोहोचणे अवघड नाही. अवघड असते ते घरात सांगून निघणे. ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. आज एखादे मूल मार खात असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

कायदाही आता स्पष्ट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार १ एप्रिल २०१० पासून शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ अन्वये, मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला मारहाण करून अनावश्यक यातना दिल्यास तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. स्वीडनने १९७९ मध्ये आणि आपल्या शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये घरातील शारीरिक शिक्षेवरही संपूर्ण बंदी घातली. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही. म्हणून घराच्या चार भिंतींच्या आत खरा कायदा आहे तो पालकाच्या विवेकाचाच.

हात उगारला गेलाच, तर थांबणे, दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे आणि राग ओसरल्यावर मुलापाशी परतणे ही लहान वाटणारी कृती आहे. मारून झालेच असेल, तर ‘माझे चुकले’ असे मुलाला सांगण्याने पालकाचा मान कमी होत नाही. उलट चूक झाल्यावर काय करायचे असते, हे मूल त्यातून शिकते.

आणि पारावर, कट्ट्यावर किंवा नातेवाइकांच्या मेळाव्यात पुन्हा कुणी लहानपणीच्या माराचा किस्सा हसत हसत सांगेल, तेव्हा आपणही हसण्याआधी त्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : ‘तेव्हा तुला काय वाटले होते?’ कदाचित तो उडवून लावेल. कदाचित क्षणभर गप्प होईल. तो गप्प झाला, तर घाईने विषय बदलू नये. चाळीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलेच नसेल.